न उतरणारा काटा

साखर कारखान्याचे चेअरमन इंगवलेसाहेब यांच्या जुन्या जीपला दस्तगीर मिस्त्रीनं मुद्दाम नळीवालं ऑइल प्रेशर मीटर निवडून बसवलं. त्यात इंजिनातलं तेलच काटा ढकलतं, खोट्याला जागाच नाही. तिसऱ्या दिवशी साहेब तणतणत आले.

"फाटकात थांबलं की काटा साठावरून विसावर येतो! माझा काटा उतरता कामा नये."

"इंजिन सावकाश फिरलं की उतरणारच, साहेब."

"मला शिकवू नकोस. बदल!"

मिस्त्रीनं मीटर बदललं. काटा साठावर बघून साहेब खुलले. चावी फिरवणार, तोच थबकले.

"अरे, इंजिन तर बंद आहे!"

"काटा रंगवलाय, साहेब. तुमच्या संचालकांसारखा. इंजिन बसलं तरी 'सगळं झकास'च म्हणेल."

साहेब पोट धरून हसले. "पहिलंच लाव बाबा. आणि सोमवारच्या मीटिंगला तूही येऊन बस."