उंच जोत्यांच्या राज्यातली बकुळी

फार दूरच्या एका राज्यात एक अजब रीत होती. ज्याची जेवढी कमाई, तेवढे चिरे तो दर पाडव्याला आपल्या जोत्यात घाली आणि त्याचं घर तेवढं वर चढे. श्रीमंतांची घरं ढगांशी गप्पा मारत. इवल्याशा बकुळीचं घर मात्र जमिनीला टेकलेलं. वरचं सगळं सांडपाणी तिच्या अंगणात साचे, डास गुणगुणत, आणि तिचा धाकटा भाऊ भिकू तापाने फणफणे.

एका कोवळ्या सकाळी डबक्यात काहीतरी लुकलुकलं. चिमुकली परी! तिचे निळे-सोनेरी पंख चिखलाने चिकटले होते. बकुळीने परकराच्या टोकाने ते हळूच पुसले.

"गुणाची गं माझी! दोन इच्छा माग," परी म्हणाली. "पण फक्त स्वतःच्या घरापुरतं मागशील, तर ते तीनच दिवस टिकेल."

भावापुढे बकुळीला दुसरं काय सुचणार? "माझ्या भिकूचा ताप जाऊ दे!"

ताप गेला. चौथ्या दिवशी पुन्हा आला. बिचारी अंगणात ओक्साबोक्शी रडू लागली.

तेवढ्यात सर्वांत उंच घरच्या शेठाणीबाई धापा टाकत जिना उतरून आल्या. "पोरी, तुझ्या भावाचा ताप उतरवणारी ती परी कुठे आहे? माझी रत्नी तापलीय गं. सात वैद्य झाले."

"एवढ्या उंचावर डास येतात?"

"त्यांना कुठे जिना लागतो!"

परी झुळकन आली. तिने एका दवबिंदूत नदीपलीकडचं राज्य दाखवलं. तिथे सोनं कमी होतं, पण सगळी जोती सारखी. गुलाबी गालांची मुलं आणि पांढऱ्या मिशांचे आजोबा मिळून लगोरी खेळत होते.

"त्यांचं औषध कोणतं?" शेठाणीबाईंनी विचारलं.

"औषध नाही. तिथे एकाचं पाणी दुसऱ्याच्या दारात साचत नाही, एवढंच."

बकुळीने डोळे पुसले. "मग आमचीही जोती सारखी होऊ देत. सगळ्यांची!"

"होतील. पण पहिला चिरा सर्वांत उंच घरच्या माणसाने आपल्या हाताने काढायचा."

शेठाणीबाईंनी वर पाहिलं. सात पिढ्यांची उंची होती ती. त्यांचा जीव थोडा थोडा झाला. मग आतून भिकू कण्हला, आणि त्यांना रत्नीच आठवली. त्यांनी पदर खोचला आणि चिरा ओढला.

उंच घरं अलगद खाली आली, बुटकी वर आली, डबकी आटली. सोनेरी उजेडाचा एक झोत उठला आणि परी त्यात विरून गेली.

आठवड्याभरात रत्नी आणि भिकू एकत्र लगोरी मांडू लागले. शेठाणीबाई आयुष्यात पहिल्यांदा बकुळीच्या ओट्यावर बसल्या.

"बरं वाटतं गं इथे," त्या म्हणाल्या. "पाय जमिनीला टेकतात."