आव्याचा धूर

पूर्वी शाल्मली नगरात रणंजय राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा राजवैद्य होता. राजा मोठा शूर, रणात पाऊल मागे न घेणारा. पण कुंभारवाड्यात मडकी भाजायचा आवा पेटला की या गड्याची छाती दाटे, अंगाला दरदरून घाम फुटे. भीती वाटते म्हणायची लाज, म्हणून तो संतापे. अखेर कुंभार धुरातून चेटूक करतात, असे त्याने मनाशी ठरवूनच टाकले. हुकूम सुटला: पौर्णिमेच्या आत कुंभारांची साठ घरे नगराबाहेर काढायची. वैद्याने भर दरबारात धूर विषारी आहे एवढेच सांगायचे. त्याबद्दल एक गाव इनाम.

वैद्याच्या घरी खाणारी तोंडे पुष्कळ होती. तरी आपल्या एका शब्दाने साठ घरांची चूल विझावी, हे त्याला सोसवेना. शिवाय त्याने एक गोष्ट हेरली होती. धूर येताच राजा उपरणे नाकातोंडावर घट्ट दाबून धरी, आणि त्याचे त्यालाच भान नसे.

"महाराज, धुरात विष नाही. एकदा माझ्याबरोबर आव्यापाशी बसा. मी खोटा ठरलो, तर पहिले घर माझे उठवा."

राजा चिडला, पण गेला. धूर अंगावर येताच तो उपरणे तोंडावर दाबून उठू लागला. बोधिसत्त्वाने त्याचा हात धरला आणि हळूच विचारले, "असे तोंड झाकायला कोणी शिकवले?"

"कोणीच नाही," राजा म्हणाला, आणि त्याची नजर हातातल्या उपरण्यावर गेली. मग त्याच्या तोंडून नाव निघाले, "उत्पला."

ती त्याची दाई. तो तीन वर्षांचा असताना महालाला लागलेल्या आगीत ती गेली होती. त्यानंतर हे नाव त्याच्या ओठांवर कधीच आले नव्हते.

"तिने ओला पदर माझ्या तोंडावर दाबला. वैद्यराज, पदर एकच होता."

एवढे बोलून राजा तिथेच राखेत बसून ओक्साबोक्शी रडला. महाल पुन्हा उभा राहिला होता, माणसे सारे विसरली होती, पण ती आग त्याच्या मनाच्या तळाशी इतकी वर्षे धुमसत राहिली होती. त्याच दिवशी हुकूम मागे घेतला गेला.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, एका तरुण भिक्षूला सांगितली. विहारात धुरकट चुलीवर पाणी तापवणाऱ्या वृद्ध भिक्षूचा त्याला विनाकारण राग येई, आणि त्यापायी तो संघ सोडून निघाला होता. शास्ते म्हणाले, "तेव्हाचा वैद्य मी. राजा तू."

"आणि उत्पला?"

"तुला ज्याचा राग येतो, तो म्हातारा."

भिक्षू उठला आणि चुलीपाशी जाऊन त्या वृद्धाच्या पायांवर कोसळला. आपल्याच मनाच्या तळाशी उतरून पाहणे, हीच प्रज्ञापारमिता, म्हणजे प्रज्ञेची पूर्णता.