बबनरावांचा गेलेला मेंदू

रशीद मुलाणीच्या ट्रकने म्हणे बबन शिरतोडेला धक्का दिला आणि त्या गरिबाची स्मरणशक्तीच गेली. बायकोचं नावही त्याला आठवेना; ट्रकचा नंबर मात्र तोंडपाठ होता. मागणी होती वीस लाखांची. दावा मंजूर झाला असता तर रशीदचा ट्रक विकावा लागला असता.

नाडगौडा वकिलांनी कोर्टात रुमालाने डोळे टिपले. "साहेब, माझ्या अशिलाला अपघातानंतरचा एकही दिवस आठवत नाही!" बबननेही लगेच शून्यात नजर लावली.

रशीद स्वतःच उलटतपासणीला उभा राहिला. "बबनराव, गेल्या मंगळवारी दुपारी माझ्या घरी येऊन तुम्ही सगळी भरपाई रोख नेलीत. तेही आठवत नसेलच?"

"साफ खोटं!" बबन ताडकन ओरडला. "मंगळवारी दिवसभर मी मेहुणीच्या साखरपुड्यात होतो! दोनदा बासुंदी घेतली, विचारा कुणालाही!"

कोर्टात हशा पिकला. वकीलसाहेब एकाएकी कागद चाळू लागले.

रशीदने न्यायाधीशांपुढे हात जोडले. "साहेब, डॉक्टरांना दोन वर्षांत जमलं नाही ते मी एका प्रश्नात केलं. आता दावा फेटाळाच, पण माझी फीसुद्धा यांच्याकडून मिळवून द्या."