मातीला दिलेले नाव

१४ नोव्हेंबर. सकाळी धुके, दहानंतर कोरडे ऊन. पश्चिम मेक्सिकोतल्या ओस्तोयाल गावच्या कुंभारवाड्यात एका पाहुणीने मैत्रिणीला नावाने हाक मारली, तसा म्हातारा कुंभार हासिंतो हातातली माती टाकून उठला. "बाई, इथे नाव घ्यायचे नाही. टाळी वाजवा." मग त्याने कारण सांगितले.

फार पूर्वी म्हणे गावचा प्रमुख वारला. तेव्हा मृतासाठी विहिरीसारखे खोल थडगे खणत आणि सोबतीला मातीची माणसे, मातीची कुत्री ठेवत. पण प्रमुखाच्या भावाने हट्ट धरला, की प्रमुखाची बायको थडग्यात जिवंतच उतरवायची. ती होती येमा कुंभारणीची एकुलती एक लेक.

येमा म्हणाली, "मी मातीची लेक घडवते. तीच त्याची बायको."

"माझा भाऊ मेलाय, आंधळा नाही झाला."

"एवढी माया आहे तर तूच उतर की सोबतीला!"

लोक हसले; भाऊ आणखी चिडला. शेवटी पुजाऱ्याने तोड काढली. मूर्ती हुबेहूब हवी, आणि थडग्याच्या तोंडाशी आईने लेकीचे नाव त्या मूर्तीला द्यायचे. पुढे लेकीने कधी त्या नावाला ओ दिली, तर प्रमुखाला फसवणूक कळेल आणि तो तिला न्यायला येईल.

पहिली मूर्ती भट्टीत फुटली. पोकळ धडाला वाफ जायला भोक ठेवायचे, तेच येमा विसरली होती. एवढा हात बसलेली बाई. दुसरीच्या भुवईवर तिने लेकीचा व्रणसुद्धा कोरला. भावाने ती तीनदा निरखली आणि मान खाली घातली. येमाने सगळ्यांना ऐकू जाईल असे नाव उच्चारले. मूर्ती खाली गेली.

लेक वाचली. आई टाळी वाजवी, लेक येई. शेजारणींनाही मग आपल्या पोरांना नावाने हाक मारणे जड जाऊ लागले. सारा कुंभारवाडाच टाळ्यांवर चालू लागला.

मूर्ती पुरल्यानंतर तेराव्या वर्षी येमा तापाने फणफणली. भ्रमात ती दुपारभर तेच नाव घेत राहिली. "कुठे गेलीस गं? ओ तरी दे!" लेक उशाशीच होती. कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवत होती. तिने ओठ घट्ट मिटून घेतले. दिवस मावळताना येमा गेली, असे सांगतात.

आजही त्या कुंभारवाड्यात कोणी कोणाला नावाने हाक मारत नाही. लेकीचे नाव हासिंतोला ठाऊक नाही. आईमागे ती एकोणतीस वर्षे जगली.