गरम मुशीचं वजन

तराजू बोलत असत तेव्हाची गोष्ट. एका प्रयोगशाळेत काचेच्या पेटीत एक म्हातारा तराजू राहायचा. जवळ कुणी शिंकलं तरी त्याचा काटा थरथरायचा.

एके दिवशी पदार्थ तापवायची चिनी मातीची मूस भट्टीतून लालबुंद होऊन बाहेर आली. तिला धरणारा चिमटा म्हणाला, "मावशी, जाड झालीस गं! काहीतरी चिकटलंय तुला. वजन कालच्याइतकंच भरलं नाही, तर थेट कचऱ्यात!"

मूस आणखीच तापली. "आजोबा, दार उघडा. आत्ताच्या आत्ता तोला मला!"

"आधी निव, पोरी," तराजू म्हणाला. पण ऐकतंय कोण? ती धपकन पारड्यात बसली. वजन कालच्यापेक्षा कमी भरलं.

"बघ, बारीक झाले!" मूस मिरवली.

"बारीक? अगं, म्हणजे तुझा टवका उडाला!" चिमटा म्हणाला. "चल कचऱ्यात."

मुशीचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात काटा सरकू लागला. काही न खाता, बसल्या बसल्या ती जड होत चालली होती.

"तुझ्या अंगची गरम हवा वर जाताना माझं पारडंही उचलते," तराजू म्हणाला. "जा, त्या निवायच्या बरणीत झाकण लावून बस जरा."

मूस गुपचूप जाऊन बसली. पार निवल्यावर तिला पुन्हा तोललं, तर वजन अगदी कालच्याइतकंच भरलं.

"शक्यच नाही!" चिमटा फणफणला. "हा तराजूच खोटा! थांबा, मीच बसतो पारड्यात."

तराजूने काचेचं दार हळूच लोटून घेतलं.

"पोरी," तो मुशीला म्हणाला, "बरणी रिकामी आहे ना? मग याला नेऊन बसव जरा."