सरांचा डावा हात

“…मग चूक कुणाची, फादर? माझी, की तिची?”

हा प्रश्न सिल्वेस्टर मच्याडोंनी दुसऱ्यांदा विचारला. पहिल्यांदा विचारला तेव्हा फादर एलायस ओट्यावर बसून वाल सोलत होते. आताही वालच सोलत होते.

वसईकडच्या त्या गावात सिल्वेस्टर म्हणजे बडं प्रस्थ. प्राचार्य म्हणून निवृत्त झालेले, वर हौसेने मुंबईला जाऊन धर्मशास्त्राचा डिप्लोमा केलेला. अख्खं गाव त्यांना ‘सर’ म्हणायचं, घरी बायकोसुद्धा. अरे-तुरे करणारे एकटे फादर एलायस. लहानपणी चर्चमधल्या मिस्सेच्या प्रार्थनेत घंटा वाजवायची सोडून वेदीपाशी पेंगणारा सिल्वेस्टर त्यांनी पाहिला होता ना!

चर्चमधला प्रौढांच्या धर्मशिक्षणाचा वर्ग सरांनी मागून घेतला होता. पहिल्याच रविवारी ते पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या त्रैक्यावर असं काही बोलले, की बस्त्याव डाबरेला मागच्या बाकावर गाढ झोप लागली. बाकीच्यांनी माना डोलावल्या. सर खूश होते.

आणि मग तारामावशीचं ते झालं.

तारामावशी जन्माने ख्रिस्ती नव्हे. नवरा ख्रिस्ती होता. मुलं लहान असताना ती त्यांना मिस्सेला आणायची, आत सोडायची आणि स्वतः बाहेर आंब्याखाली बसून राहायची. आत ये, असं कुणी म्हटलं नाही, आणि तिनेही कधी विचारलं नाही. नवरा गेला, मुलं मोठी होऊन आपापल्या संसाराला लागली, आणि या वर्षी ती आपणहून फादरांकडे आली. म्हणाली, आता मला आत यायचंय. ईस्टरच्या आदल्या रात्री तिचा बाप्तिस्मा ठरला.

गेल्या रविवारी सरांनी क्रुसाची खूण शिकवायला घेतली. इतरांना ती आईच्या दुधाबरोबरच मिळालेली. नवखी होती एकटी मावशी. तिने डावा हात उचलला आणि खांद्यांचा क्रमही उलटा धरला. सरांनी सुधारलं. तिने पुन्हा तेच केलं. सरांनी आवाज चढवला. वर्गात कुणीतरी फिसकन हसलं… मावशी उठली, छत्री घेतली आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी शेजारणीच्या हाती निरोप आला, की या वयात मला काही जमायचं नाही, फादरांना सांगा, राहू दे.

सरांच्या डोक्यात तेव्हापासून एकच घोळत होतं. ती आलीच नाही, तर तिचा बाप्तिस्मा राहील. तो आपल्यामुळे राहील. लोकांच्या बोलण्याची त्यांना भीती होतीच, पण खरं सांगायचं तर त्या बाईचा पडलेला चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. म्हणून तर ते सकाळीच ओट्यावर येऊन उभे होते आणि चूक आपली नाही, एवढंच फादरांच्या तोंडून ऐकायला आतुर झाले होते.

फादरांनी ताट बाजूला सारलं.

“तिला कसं शिकवलंस? मला शिकव.”

“तुम्हाला?”

“हं.”

सर समोर उभे राहिले. उजवा हात कपाळाला, मग छातीला, मग डाव्या खांद्याला, मग उजव्या. तोंडाने सांगत, सावकाश, अगदी नमुनेदार.

फादर टक लावून बघत होते. बघता बघता त्यांनी हात उचलला. डावा. कपाळ, छाती, उजवा खांदा, डावा खांदा.

सर गडबडले. फादरांचं वय झालंय, हे खरं, पण इतकं? हळूच म्हणाले, “उजवा हात, फादर.”

“तुझा हात याच बाजूला होता.”

“मी तोंडाने उजवा म्हणत होतो.”

“हो. पण मी तुला बघत होतो.”

सरांनी आपला उजवा हात पुन्हा उचलून पाहिला. तो फादरांच्या डाव्या हातासमोरच येत होता…

मावशीचा नवरा जेवणाआधी ही खूण करताना तिच्या समोरच बसत असणार. खूण तिने जन्मभर समोरूनच पाहिली असणार. इतकी साधी गोष्ट, आणि आपण त्या बाईवर ओरडलो. सरांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

“म्हणजे तिला बरोबर यायचं, तर मी चुकीचं करायचं?”

फादरांनी ताट पुन्हा मांडीवर ओढलं.

त्याच दुपारी सर मावशीच्या दारात गेले. लग्नाची पत्रिका असल्याशिवाय सर कुणाच्या घरी जात नसत, त्यामुळे तिची तारांबळ उडाली. बसायला पाट देऊ की खुर्ची, हेच तिला सुचेना. सरांनी उभ्याउभ्याच सांगून टाकलं, “मावशी, चूक माझी होती. रविवारी या.” असं वाक्य त्यांनी याआधी कुणाला म्हटल्याचं गावात कुणालाच आठवत नव्हतं. मावशी येते म्हणाली.

रविवारी वर्ग भरला. फादरही येऊन शेवटच्या बाकावर बसले. सर समोर उभे राहिले, घसा खाकरला, आणि सगळ्यांच्या देखत डावा हात उचलला.

“सर, उजवा,” बस्त्याव म्हणाला. आज नेमका जागा होता मेला.

लोक हसू लागले. सरांचे कान लालबुंद झाले. पण हात त्यांनी खाली घेतला नाही. कपाळ. छाती. उजवा खांदा. डावा खांदा. नजर मात्र एका माणसावरच होती.

समोर तारामावशीचा उजवा हात कपाळाला गेला… छातीला… डाव्या खांद्याला… उजव्या खांद्याला.

“आमेन,” ती म्हणाली. मग जरा पुढे वाकून, सरांना एकट्यांनाच ऐकू जाईल अशा बेताने पुटपुटली, “सर, तुमचा हात चुकला वाटतं.”

“चुकला खरा,” सर म्हणाले, आणि इतकं मोकळं हसले की वर्ग थक्क झाला. डिप्लोमा मिळाला त्या दिवशीही त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं. मावशीने ती खूण पुन्हा केली, मग आणखी एकदा केली, आता कुणाकडे न बघता.

वर्ग सुटल्यावर सर फादरांजवळ आले. चेहरा अजून फुललेलाच होता, पण एक गोष्ट त्यांना टोचत होती. सगळ्या गावादेखत दर रविवारी हे असं…

“फादर, मी हे उलटं कुठवर करायचं?”

फादर काठी टेकत उठले.

“जोवर त्यांच्या समोर उभा राहतोस, तोवर.”