सुरमईवरचा शिक्का

खाडीच्या तोंडाशी खारफुटीचं दाट जंगल होतं, आणि त्या जंगलात एक पाणमांजरी खानावळ चालवत असे. उन्हाने तापलेली काळी शिळा हा तिचा तवा. बसायला झाडांची मुळं, वाढायला पानं. तिच्याकडे सुरमई मागितली की सुरमईच मिळायची. नसली तर ती तोंडावर सांगायची, "आज नाही. बांगडा खायचा तर बसा, नाहीतर वाट धरा." जीभ तिखट, पण मासा खरा.

पुढे समोरच्या काठावर एका कोल्ह्याने खानावळ थाटली. त्याच्याकडेही सुरमई, आणि तुकडा पाणमांजरीच्या दुप्पट! वर लाल मसाल्याचा असा जाड थर, की आत मासा आहे की ओंडका, काही कळू नये. गिऱ्हाइकं तिकडे धावली. शेवटी एक दिवस पाणमांजरीच तिथे जेवायला गेली. एक घास खाल्ला आणि ताडकन उठली.

"ही सुरमई?"

"अस्सल, ताई! एक काटा लागला का दाताला?" कोल्हा म्हणाला.

"म्हणूनच विचारते, मेल्या! बारीक काटे नसतात ते मुशीला. मुशी सहज गावणारा मासा, वाईट काही नाही. पण मुशी म्हणून वाढ की! सुरमई सांगून कशाला वाढतोस?"

"अहो ताई, खाणाऱ्याची तक्रार नाही, तुमचं का पोट दुखतं?"

झालं! पाणमांजरी तडक गेली ती सरपंच कासवाकडे. सारं जंगल गोळा केलं आणि हात नाचवत म्हणाली, "खानावळीतल्या प्रत्येक पानावर शिक्का हवा! हा मासा अमुकच आहे, असा सरकारी शिक्का!"

कासवाने मान हळूच बाहेर काढली. "बाई, शिक्का मारणाराही जेवणार. त्याला द्यायचं कुठून? आपल्याकडे सुक्या माशांची कोठी तेवढी आहे, आणि ती पावसाळ्यासाठी."

"मग द्या कोठीतून! खऱ्यासाठी खर्च झाला तर झाला!" पाणमांजरी गरजली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिला भारी बरं वाटलं.

बाळांनो, आता कोठी म्हणजे काय ते ऐका. उन्हाळाभर सगळे मिळून बोंबील नि कोळंबीचे सोडे वाळवत आणि एका मोठ्या ढोलीत भरून ठेवत. पावसाळ्यात खाडी खवळली की मासा हाती लागत नसे. तेव्हा म्हातारेकोतारे नि पिलं त्या ढोलीवर जगत. पाणमांजरीची दोन पिलंही त्यातच आली.

चार बगळे नेमले गेले. बगळे इमानदार होते, हे मला सांगितलंच पाहिजे. प्रत्येक पान आलं की ते एका पायावर उभे राहत, डोळे मिटत, एक घास खात, विचार करत, मग दुसरा घास खात आणि म्हणत, "सुरमई. मारा शिक्का." तोवर मासा गार आणि गिऱ्हाईक गरम! कोल्हा तर त्यांच्यापुढे खरी सुरमई ठेवायचा आणि त्यांची पाठ वळली की पानात मुशी सरकवायचा. मग पाठ वळू नये म्हणून आणखी आठ बगळे आले. बगळे बरोबर बघतात की नाही हे बघायला चार करकोचे आले. आणि करकोच्यांच्या चोची लांब, भूकही तेवढीच लांब.

वैशाख सरत आला तेव्हा पाणमांजरी आपल्या वाट्याचे बोंबील घेऊन कोठीवर गेली. आत डोकावली तर ढोलीचा तळ दिसत होता! मागे तिची पिलं उड्या मारत होती. "आई, पावसाळ्यात आम्हाला सोडे मिळतील ना गं?"

पाणमांजरीने हातातले बोंबील ढोलीत टाकले आणि हिशेब केला. कोल्ह्याने एवढ्या दिवसांत जेवढं लुबाडलं नव्हतं, तेवढं राखणदारांच्या पोटात गेलं होतं. आणि राखणदार मागितले कुणी? तिनेच.

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा सभा बोलावली. "ओरडले मी होते, तेव्हा चुकलं हेही मीच सांगते," ती ताठ मानेने म्हणाली. "पण लबाडी चालू द्यायची नाही, हे आजही तसंच आहे. नवा नियम करा. मासा डोक्या-शेपटीसकट आधी गिऱ्हाइकासमोर आणायचा. त्याने बघितला, की त्याच्यासमोर कापायचा, त्याच्यासमोरच शिळेवर टाकायचा. बस्स!"

कोल्हा फिस्सकन हसला. "गिऱ्हाइकांना काय कळतंय मासा?"

एक म्हातारं मुंगूस खवळून उठलं. "अरे शहाण्या, खाडीवर जन्म गेला माझा! मसाल्याखाली नाही ओळखता येत. डोकं दाखव, झोपेतून उठून सांगतो. मुशीचं तोंड पोटाकडे असतं, सुरमईचं पुढे टोकदार. माझ्या नातवंडांनाही कळतं ते!"

सभा खो खो हसली. कासवही हसलं, पण जरा उशिरा. भांडण झालंच तर सोडवायला एक बगळा ठेवला आणि बाकी सगळ्यांना निरोप दिला.

त्या संध्याकाळी कोल्ह्याच्या खानावळीत हीऽ गर्दी! मुंगसाने फर्मान सोडलं, "आण तुझी सुरमई, तोंड बघू दे तिचं!" कोल्हा घामाघूम झाला. काय करतो बिचारा? मुशी समोर ठेवली आणि खाली बघत पुटपुटला, "ही मुशी आहे. पण मसाला मी स्वतः वाटलाय."

"मग मुशी वाढ!" पाणमांजरी मागून ओरडली. "मोठा तुकडा दे, आणि तिखट घालताना हात आखडू नकोस!" तिने खाल्ली, बोटं चाटली आणि भर गर्दीत म्हणाली, "सुरमई माझ्याकडे खा, पण मुशी खावी तर याच्याकडेच!" कोल्ह्याचं शेपूट जे वर गेलं, ते खाली येईना.

निरोप मिळालेले बगळे नि करकोचे आता फुकटचे घास सोडून खाडीत उतरले होते. एवढ्या लांब चोची पाण्यात पडल्यावर मासळीला काय तोटा? मृगाआधीच्या पंधरा दिवसांत वाळवणाच्या दोऱ्या बोंबलांनी वाकल्या. शेवटची टोपली ओतली तेव्हा ढोली इतकी गच्च भरली, की झाकण बसेना. शेवटी कासवाला उचलून झाकणावर बसवलं, आणि दोन्ही पिलं त्याच्या पाठीवर चढून नाचली.

तात्पर्य : लबाडाला आवर घालावाच, पण राखणदार पोसण्यात सगळ्यांची कोठी रिकामी होत असेल, तर पहारा वाढवू नये, व्यवहार सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आणावा.